केल्मस्कॉट मॅनर : सांभाळणाऱ्यांच्या घराची वाटचाल

विल्यम मॉरिस आणि केल्मस्कॉट मॅनर ही दोन नावं आता एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. कवी, नक्षीकार, मुद्रक, समाजवादी कार्यकर्ता आणि इंग्लंडमधल्या हस्तकला चळवळीचा अध्वर्यू असलेला मॉरिस आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षं या घरात येत-जात राहिला. त्याच्या छापील कापडांत, भिंतीच्या कागदांत, कादंबरीत आणि छापखान्याच्या नावातही हे घर उतरलं. मालक म्हणून मात्र त्याचं नाव घराच्या कागदपत्रांत कधीच आलं नाही. तो शेवटपर्यंत भाडेकरू राहिला.

केल्मस्कॉटचा इतिहास लिहिताना ही गोष्ट आधी सांगायला हवी, कारण या घराच्या चारशे वर्षांच्या वाटचालीचं मर्म तिच्यातच आहे. शेतकरी, चित्रकार, कवी, भरतकामात आयुष्य घालवणारी एक लेक, एक विद्यापीठ आणि शेवटी एक विद्वत्संस्था अशा अनेकांच्या हाती हे घर आलं. कुणी ते बांधलं, कुणी भाड्याने घेतलं, कुणी विकत घेतलं, कुणाला ते मृत्युपत्राने मिळालं. घर टिकलं ते या सगळ्यांतल्या काहींनी ते सांभाळण्याचं काम स्वतःचं मानलं म्हणून.

टर्नर कुटुंबाचा काळ

ऑक्सफर्डशायरच्या पश्चिम टोकाला, थेम्स नदीच्या वरच्या अंगाला, लेचलेड गावापासून जवळच केल्मस्कॉट हे छोटं खेडं आहे. नदी इथे अरुंद आणि संथ आहे. दोन्ही काठांवर सपाट कुरणं आहेत, वाळुंजाची झाडं आहेत आणि पावसाळी हिवाळ्यात पाणी पसरलं की ती कुरणं तलावासारखी दिसतात. १६०० च्या सुमारास टर्नर नावाच्या सधन शेतकरी कुटुंबाने इथे घर बांधलं. ते सरदार नव्हते की दरबारी नव्हते. स्वतःची जमीन कसणारी, मेंढ्या-गुरं राखणारी ही माणसं होती. घराचं मूळ नावही साधंच होतं : ‘लोअर हाउस’, म्हणजे खालच्या आळीचं घर. ‘मॅनर’ हे मानाचं नाव त्याला मिळालं ते एकोणिसाव्या शतकात, टर्नर कुटुंबाने गावची जमीनदारी विकत घेतल्यावर.

घर भागातल्याच चुनखडी दगडाचं आहे. एकामागे एक तिकोनी माथ्यांच्या भिंती, दगडी चौकटींच्या खिडक्या आणि वर दगडाच्याच पातळ फरशांचं छप्पर. हे छप्पर जवळून पाहण्यासारखं आहे. वळचणीला सर्वांत मोठ्या आणि जड फरशा बसवलेल्या आहेत. वर जावं तशी प्रत्येक ओळ किंचित लहान होत जाते आणि आढ्यापाशी हाताच्या पंजाएवढ्या फरशा येतात. खाणीतून निघालेला लहान तुकडाही वाया जात नाही, सगळ्यांत जास्त वजन भिंतीच्या माथ्यावर येतं आणि पावसाचं पाणी खाली उतरताना वाढत जातं तिथे सांधे कमी असतात. मॉरिसला या छपराचं विलक्षण प्रेम होतं. गवंड्यांनी हे सौंदर्य कुठल्याही पुस्तकातून न शिकता, कामाच्या ओघात साधलं, हेच त्याला महत्त्वाचं वाटे.

सतराव्या शतकाच्या मध्यानंतर कुटुंबाची भरभराट झाली. १६६५ च्या सुमारास ईशान्येला नवा भाग जोडला गेला. त्याच सुमारास टर्नरांना कुलचिन्ह वापरण्याचा अधिकार मिळाला आणि ते त्यांनी शेकोटीच्या वर कोरून घेतलं. नव्या भागातल्या खोल्या उंच आणि ऐसपैस झाल्या, पण घराची जुनी ठेवण बदलली नाही. वरच्या मजल्यावर बोळ नाही. जुन्या वाड्यात जसं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं लागतं तसंच इथे. कोपऱ्यातल्या खोलीत जाणाऱ्याला दुसऱ्या कुणाच्या तरी खोलीतून वाट काढावी लागते. माळ्यावर शेतगड्यांच्या झोपायच्या जागा होत्या. तिथल्या वाकड्या-तिकड्या ओकच्या तुळया आजही उघड्याच आहेत.

एका खोलीच्या भिंतींवर सतराव्या शतकातल्या विणीव चित्रांचे पडदे आहेत. बायबलमधल्या सॅमसनची कथा त्यांत विणलेली आहे, त्याचे डोळे काढले जातात तो भीषण प्रसंगही आहे. हे पडदे टर्नरांच्या काळापासून इथेच राहिले. जवळजवळ पावणेतीनशे वर्षं एकाच कुटुंबाने हे घर वापरलं आणि जे चालत होतं ते मोडलं नाही. पुढे आलेल्या प्रत्येकाच्या हाती एक न बिघडवलेलं घर पडलं, याचं श्रेय या शेतकऱ्यांचं आहे.

साठ पौंडांचं भाडं

१८७० च्या सुमारास टर्नरांची मालकी संपली आणि घर भाड्याने द्यायला निघालं. १८७१ च्या मे महिन्यात मॉरिसला एका दलालाच्या यादीत त्याचा पत्ता सापडला. त्याला लंडनबाहेर एखादं घर हवं होतं. पाहताक्षणी तो हरखून गेला आणि भूतलावरचा स्वर्ग सापडल्याचं त्याने मित्राला कळवलं. जूनमध्ये त्याने आणि चित्रकार-कवी दान्ते गॅब्रिएल रोझेटी याने मिळून घर भाड्याने घेतलं. भाडं वर्षाला ६० पौंड.

या भागीदारीमागे दुःख होतं. मॉरिसची पत्नी जेन आणि रोझेटी यांच्यात प्रेम जडलं होतं आणि मॉरिसला ते ठाऊक होतं. लंडनच्या कुजबुजीपासून दूर, मुलींसह सगळ्यांना राहता येईल अशी जागा हवी होती. जुलैमध्ये मॉरिस आइसलँडच्या प्रवासाला निघून गेला. जेन, रोझेटी आणि जेनी व मे या दोन मुली केल्मस्कॉटला राहिल्या. दहा आणि नऊ वर्षांच्या त्या मुलींना घर म्हणजे पर्वणीच होती. माळ्यावर आणि छपरावर चढणं, नदीकाठी हुंदडणं, धान्याच्या कोठारांत लपणं यांत त्यांचा दिवस जाई.

रोझेटीने पडद्यांच्या खोलीत चित्रशाळा थाटली. सॅमसनच्या त्या रक्तरंजित कथेचा त्याला तिटकारा होता, पण खोलीतला उजेड चांगला होता. १८७१ मध्ये त्याने ‘वॉटर विलो’ हे जेनचं छोटं व्यक्तिचित्र केलं. त्यात तिच्यामागे केल्मस्कॉटचं घर, चर्च आणि नदी दिसते. पुढच्या वर्षी त्याची प्रकृती आणि मन दोन्ही ढासळलं आणि लंडनजवळ त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. त्यातून सावरायला तो १८७२ च्या शरद ऋतूत परत केल्मस्कॉटला आला आणि जवळपास दोन वर्षं तिथेच मुक्काम ठोकून बसला. मॉरिसला आपलं आवडतं घर परकं वाटू लागलं. १८७४ च्या उन्हाळ्यात नदीवर मासे धरणाऱ्या काही लोकांशी रोझेटीचा उगाचच वाद झाला. ती माणसं आपली टवाळी करतात असा त्याचा समज होता. त्यानंतर त्याने केल्मस्कॉट सोडलं ते कायमचं. १८६८ मध्ये त्याने रंगवलेलं निळ्या रेशमी पोशाखातलं जेनचं चित्र आता या घरात आहे.

या तीन वर्षांवर बरंच लिहिलं गेलं आहे आणि पुष्कळांना केल्मस्कॉट आठवतं ते या प्रेमप्रकरणामुळेच. घराच्या वाटचालीत मात्र हा काळ थोडा आहे. रोझेटीच्या जागी प्रकाशक एफ. एस. एलिस भागीदार म्हणून आला आणि मॉरिसचं खरं केल्मस्कॉट त्यानंतर सुरू झालं.

नदी, पक्षी आणि रंग

मॉरिस इथे सुटीला येई, पण रिकामा बसत नसे. १८७५ नंतर त्याला नैसर्गिक रंगांचं वेड लागलं होतं. त्या काळी डांबरापासून काढलेले रासायनिक रंग बाजारात आले होते. ते भडक असत आणि लवकर विटत. मॉरिस जुन्या पोथ्या चाळून वनस्पतींचे रंग पुन्हा उभे करायला निघाला. स्टॅफर्डशायरमधल्या लीक गावचा रंगारी टॉमस वॉर्डल त्याला या कामात साथ देत होता. एकदा केल्मस्कॉटला मासे धरता-धरता मॉरिसने पॉप्लरच्या मूठभर डहाळ्या तोडल्या, उकळल्या आणि त्यात लोकरीची एक लड बुडवली. छान पिवळा रंग चढला. ती हकीकत त्याने लगेच वॉर्डलला पत्राने कळवली.

१८८३ सालचं ‘स्ट्रॉबेरी थीफ’ हे त्याचं कापड जगभर ओळखलं जातं. केल्मस्कॉटच्या परसबागेत थ्रश पक्षी स्ट्रॉबेरीवरच्या जाळ्यांखालून शिरत आणि फळं पळवत. माळी वैतागे, पण पक्ष्यांना इजा करायची नाही अशी मॉरिसची सक्त ताकीद असे. त्या चोरांनाच त्याने नक्षीत बसवलं. चोचीत फळ धरलेले पक्षी, वर-खाली पानं आणि फुलं. हे कापड छापायची रीत नक्षीइतकीच अवघड होती. आधी संपूर्ण कापड निळीत गडद रंगवायचं. मग लाकडी ठशांनी रंग उडवणारं द्रावण छापून हवी तिथली निळाई फिकी करायची किंवा काढून टाकायची. धुऊन-वाळवून झालं की त्या मोकळ्या जागी लाल आणि पिवळा रंग पुन्हा ठशांनी भरायचा. एकेका टप्प्यामध्ये कापड वाळवावं लागे, त्यामुळे छपाईला दिवसच्या दिवस लागत. लंडनजवळच्या मर्टन अॅबी इथल्या आपल्या कारखान्यात मॉरिसने ही रीत बसवली. कापड महाग पडे, तरीही खपे.

१८८७ सालचा ‘विलो बाउ’ हा भिंतीचा कागदही नदीकाठच्या वाळुंजातून आला. वडिलांबरोबर ओढ्याकाठी चालताना ते पानांचे आकार कसे निरखून दाखवत, हे मे मॉरिसने लिहून ठेवलं आहे. मॉरिसच्या नक्षीत परदेशी, दुर्मीळ फुलं फारशी नसतात. असतं ते कुंपणावरचं, बांधावरचं, पाटाकाठचं, म्हणजे केल्मस्कॉटला चार पावलांवर सापडणारं.

बर्फर्डचं चर्च आणि एक नवी संस्था

या घराने मॉरिसला आणखी एक काम लावून दिलं. केल्मस्कॉटहून जवळच बर्फर्ड हे गाव आहे. १८७६ मध्ये तिथल्या जुन्या चर्चची डागडुजी त्याने पाहिली. त्या काळी इंग्लंडभर चर्चच्या जीर्णोद्धाराची लाट आली होती. वास्तुविशारद शतकानुशतकांचा गिलावा खरवडून काढत, नंतरच्या काळातली बांधकामं पाडत आणि मध्ययुगात ती वास्तू कशी असावी याच्या आपल्या कल्पनेप्रमाणे नवं काम करून त्याला जुनं म्हणत. मॉरिस संतापला. १८७७ मध्ये त्याने मित्रांसह ‘सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ एन्शंट बिल्डिंग्ज’ ही संस्था स्थापन केली.

संस्थेचं म्हणणं थोडक्यात असं होतं : जुन्या वास्तूवर प्रत्येक पिढीने काही ना काही केलेलं असतं आणि ते सगळं मिळून त्या वास्तूचा इतिहास होतो. त्यातला एखादा काळ निवडून बाकीचे पुसून टाकण्याचा हक्क कुणालाही नाही. वेळच्या वेळी छप्पर शाकारावं, पाणी झिरपू देऊ नये, पडती भिंत टेकू देऊन उभी ठेवावी आणि जी दुरुस्ती केली ती लपवू नये. आपण या वास्तूंचे मालक नाही, पुढच्या पिढ्यांच्या वतीने नेमलेले विश्वस्त आहोत. केल्मस्कॉटच्या भाडेकरूने मांडलेला हा विचार आजही वारसा-जतनाच्या क्षेत्रात पायाभूत मानला जातो आणि ही संस्था आजही काम करते आहे.

मुंबईशी जोडलेला धागा

मॉरिसच्या वर्तुळाचा मुंबईशी खराखुरा संबंध होता. त्याचा जिवलग मित्र चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स. त्याची पत्नी जॉर्जियाना हिची बहीण अॅलिस, आणि अॅलिसचा नवरा जॉन लॉकवुड किपलिंग. लॉकवुड १८६५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकला शिकवायला आला. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावर शेतकरी-बाजारकरी मंडळींची जी उठावशिल्पं आहेत ती त्याचीच. त्याचा मुलगा रुडयार्ड त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईत जन्मला. पुढे शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलेला छोटा रुडयार्ड नाताळच्या सुटीत मावशीकडे जाई आणि तिथे येणाऱ्या मॉरिसला ‘अंकल टॉप्सी’ म्हणे. मुलांच्या खोलीत लाकडी घोड्यावर बसून मॉरिसने आइसलँडची वीरकथा सांगितल्याची आठवण रुडयार्ड किपलिंगने म्हातारपणीही जपली होती.

दुसरा धागा जॉर्ज बर्डवुडचा. मुंबईत डॉक्टर असलेला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारा बर्डवुड भायखळ्याच्या संग्रहालयाच्या, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या उभारणीत होता. इंग्लंडला परतल्यावर त्याने भारतीय कारागिरीची बाजू हिरिरीने मांडली. १८८० मध्ये ‘इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया’ हा त्याचा ग्रंथ आला. मॉरिस त्याच मताचा होता. १८७९ मध्ये बर्मिंगहॅमच्या भाषणात त्याने इंग्रजी राज्य आणि इंग्रजी व्यापार मिळून भारतातल्या कलाकुसरीचा कसा नाश करत आहेत हे स्पष्ट शब्दांत सांगितलं. तुरुंगांत कैद्यांकडून स्वस्तात गालिचे विणून घेऊन सरकारच खऱ्या विणकरांच्या पोटावर पाय देतं, हा त्याचा रोख होता. साम्राज्य ऐन भरात असताना इंग्रज श्रोत्यांसमोर हे बोलायला धाडस लागतं.

खेड्याचं नाव जगभर

१८७८ मध्ये मॉरिसने लंडनला हॅमरस्मिथमध्ये थेम्सच्या काठी घर घेतलं आणि त्याला नाव दिलं ‘केल्मस्कॉट हाउस’. दोन्ही घरांपुढून एकच नदी वाहते याचं त्याला अप्रूप होतं. ऑगस्ट १८८० मध्ये कुटुंब आणि मित्रांना घेऊन तो ‘आर्क’ नावाच्या होडीतून एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत, सुमारे १३० मैल, नदीतून उलटा गेला. मुक्काम करत, वाटेत स्वतः स्वयंपाक करत हा प्रवास आठवडाभर चालला.

हाच प्रवास दहा वर्षांनी ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’ या कादंबरीत आला. तोवर मॉरिस पूर्ण समाजवादी झाला होता. रस्त्यावर सभा घेत होता, ‘कॉमनवील’ हे पत्र चालवत होता आणि कादंबरीही त्याच पत्रातून क्रमशः छापली गेली. पैसा, मालकी आणि सक्तीची मजुरी नसलेल्या भविष्यातल्या इंग्लंडमधून नायक नदीने वर-वर जातो आणि शेवटी गवत-कापणीच्या दिवसांत एका जुन्या दगडी घराशी पोचतो. ते घर केल्मस्कॉटच. पुस्तकाच्या १८९२ च्या आवृत्तीत सुरुवातीलाच या घराचं चित्र आहे. न्याय्य समाज कसा असेल हे दाखवायला मॉरिसला काल्पनिक महाल लागला नाही. आपल्या भाड्याच्या घराचं चित्र त्याला पुरेसं वाटलं.

१८९१ मध्ये त्याने हॅमरस्मिथला छापखाना काढला. त्याचंही नाव ‘केल्मस्कॉट प्रेस’. हाताने बनवलेला कागद, स्वतः आखलेले टाइप, हातयंत्रावरची छपाई. १८९८ पर्यंत या छापखान्यातून ५३ पुस्तकं निघाली. बर्न-जोन्सच्या ८७ चित्रांनी सजलेला चॉसरचा ग्रंथ १८९६ च्या उन्हाळ्यात पुरा झाला. मॉरिस तेव्हा अंथरुणाला खिळत चालला होता.

३ ऑक्टोबर १८९६ रोजी हॅमरस्मिथच्या घरी त्याचं निधन झालं. तीन दिवसांनी रेल्वेने शव लेचलेडला आणलं. पाऊस आणि वारा होता. ओकच्या साध्या, पॉलिश नसलेल्या पेटीला लोखंडी कड्या होत्या. गावातली शेतीची पिवळी गाडी, तांबडी चाकं, तिच्यावर शेवाळ अंथरलेलं आणि भोवती वेली नि वाळुंजाच्या डहाळ्या बांधलेल्या. अशा गाडीतून तो केल्मस्कॉटच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये गेला. त्याच्या कबरीवरचा दगड मित्र आणि वास्तुविशारद फिलिप वेब याने आखला.

मे मॉरिसची पंचवीस वर्षं

मॉरिसच्या मागे घर मोडलं नाही ते बायकांमुळे. जेनने भाडं चालू ठेवलं आणि १९०२ मध्ये नवऱ्याच्या स्मरणार्थ गावात कष्टकऱ्यांसाठी घरांची जोडी बांधली. आराखडा वेबचा होता आणि दर्शनी भिंतीवर कुरणात बसलेल्या मॉरिसचं शिल्प आहे. १९१३ मध्ये तिने केल्मस्कॉट मॅनर विकत घेतलं. भाड्याने राहायला लागून बेचाळीस वर्षं झाल्यावर घर पहिल्यांदा मॉरिस कुटुंबाच्या नावावर झालं. काही महिन्यांतच, जानेवारी १९१४ मध्ये, जेन वारली. थोरली मुलगी जेनी किशोरवयातच अपस्माराने आजारी झाली होती आणि आयुष्यभर परावलंबी राहिली. घराची सगळी जबाबदारी धाकटीवर आली.

मे मॉरिस ही केवळ थोरामोठ्यांची लेक नव्हती. वयाच्या तेविसाव्या वर्षी, १८८५ मध्ये तिने वडिलांच्या कंपनीचा भरतकाम विभाग हाती घेतला. तिची नक्षी बरीच वर्षं वडिलांच्या नावावर खपली. कलावंतांच्या मुख्य संघटनेत स्त्रियांना प्रवेश नव्हता, म्हणून १९०७ मध्ये तिने ‘विमेन्स गिल्ड ऑफ आर्ट्स’ उभारलं. वडिलांचं समग्र लेखन २४ खंडांत, १९१० ते १९१५ या काळात, तिनेच संपादित केलं.

तिच्या हाताचं सर्वांत सुंदर काम या घरातच आहे. मॉरिसच्या खोलीत सतराव्या शतकातला ओकचा चारखांबी पलंग आहे. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिने त्याच्यासाठी पडदे आणि वरची झालर आखली. जाळीवर चढलेल्या वेली, त्यांत पक्षी. आणि झालरीवर वडिलांनी या पलंगावर लिहिलेली कविता टाक्यांत उतरवली. भरतकाम करणाऱ्यांत कवी यीट्सची बहीण लिली हीसुद्धा होती. पलंगावरचं पांघरूण जेनने भरलं. एका पलंगावर बापाचे शब्द, मुलीची नक्षी आणि आईचे टाके एकत्र आले आहेत. आणि हे सगळं रोज झोपण्याच्या वस्तूसाठी केलेलं, काचेआड ठेवण्यासाठी नाही.

१९१७ मध्ये, महायुद्धाच्या काळात शेतीकामाला आलेली मेरी लॉब ही कॉर्नवॉलची धिप्पाड, रोखठोक बाई केल्मस्कॉटला बागकामाला लागली आणि मे मॉरिसची आयुष्यभराची सोबतीण झाली. १९२३ पासून दोघी कायमच्या तिथेच राहिल्या. वडिलांच्या आवडत्या आइसलँडलाही त्या एकत्र गेल्या. मे मॉरिसचं लक्ष घरापुरतं नव्हतं. आईच्या स्मरणार्थ तिने गावात आणखी घरं बांधली आणि गावासाठी सभागृह उभारलं. दोन्हींचे आराखडे अर्नेस्ट गिम्सनचे. मॉरिसच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९३४ मध्ये, जॉर्ज बर्नार्ड शॉने सभागृहाचं उद्घाटन केलं.

मृत्युपत्र आणि न्यायालय

१९३८ मध्ये मे मॉरिस वारली. घर तिने ऑक्सफर्ड विद्यापीठाला दिलं होतं. वडिलांच्या वस्तूंसह ते आहे तसं राखावं, कलावंत आणि अभ्यासकांना तिथे विसावा मिळावा, अशी तिची इच्छा होती. वर्षभरातच मेरी लॉबही गेली आणि घराला जाणतं माणूस उरलं नाही.

विद्यापीठाच्या हाती इच्छा आली, पण ती पुरी करायला लागणारं बळ तिच्यासोबत आलं नाही. अटी कडक होत्या, राखणीचा खर्च मोठा होता आणि जुन्या गैरसोयींसह राहायला तयार होणारे भाडेकरू मोजकेच. वीस-बावीस वर्षांत ओल शिरली, लाकूड कुजलं आणि इमारत धोक्यात आली. अखेर प्रकरण न्यायालयात गेलं. १९६२ मध्ये विद्यापीठाच्या नावे केलेली ती व्यवस्था रद्दबातल ठरली आणि मृत्युपत्रातल्या पर्यायी तरतुदीनुसार घर लंडनच्या ‘सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज’कडे आलं. १७०७ मध्ये स्थापन झालेली ही पुराविद्येची संस्था. मॉरिस स्वतः अखेरच्या वर्षांत तिचा फेलो होता.

घराला नवं आयुष्य

संस्थेपुढचा पहिला प्रश्न घर उभं ठेवण्याचा होता. १९६४ ते १९६७ या काळात डोनाल्ड इन्सॉल यांच्या वास्तुविशारद कार्यालयाने मोठी दुरुस्ती केली. संस्थेच्या वतीने रिचर्ड डफ्टी यांनी हे काम मनापासून अंगावर घेतलं. पाया आणि भिंती सावरल्या, छप्पर दुरुस्त झालं, फर्निचर आणि कापडं जागेवर आली आणि घर लोकांसाठी खुलं झालं.

अर्ध्या शतकानंतर पुन्हा तशीच गरज आली. राष्ट्रीय लॉटरीच्या वारसा निधीतून सुमारे ४३ लाख पौंडांचं अनुदान मिळालं आणि संस्थेने देणगीदारांकडून उरलेली रक्कम जमवली. घर दोन वर्षांहून जास्त काळ बंद ठेवून काम झालं. छपराच्या फरशा, दगडी भिंती आणि बाहेरची शेतीची कोठारं दुरुस्त झाली. जुने रंगांचे थर तपासून मॉरिस कुटुंबाच्या काळातली खोल्यांची मांडणी पुन्हा उभी करण्यात आली. शाळकरी मुलांसाठी शिकण्याची वेगळी जागा झाली. एप्रिल २०२२ मध्ये घर पुन्हा उघडलं.

आज केल्मस्कॉट वर्षातले ठरावीक महिने पाहता येतं. बागेतल्या सदापर्णी यू झाडांच्या कुंपणातला ड्रॅगन अजून कातरून आकारात ठेवला जातो. मॉरिसने त्याला उत्तरेच्या पुराणकथांतल्या फाफनिरचं नाव दिलं होतं. मागच्या अंगणातला तीन बैठकांचा जुना संडासही राखलेला आहे. कबर, सभागृह आणि स्मारक-घरं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. घर, गाव आणि नदी एकत्र पाहिल्याशिवाय केल्मस्कॉट कळत नाही, म्हणून जाणाऱ्याने दिवसभराचा वेळ हाताशी ठेवून जावं. पुढची आव्हानंही लपलेली नाहीत. थेम्सचे पूर आहेत, दगडी फरशा घडवणारे कारागीर कमी होत आहेत आणि राखणीचा खर्च वाढतो आहे.

या वाटचालीतून वारसा सांभाळणाऱ्या कुठल्याही संस्थेने घ्यावा असा धडा मे मॉरिसच्या मृत्युपत्रात आहे. तिच्या प्रेमात खोट नव्हती, पण घर जसंच्या तसं थांबवून ठेवण्याच्या अटींनीच ते पडायला आलं. जिथे घर जगवायचं कसं हे ठरवण्याची मोकळीक, पैसा उभा करण्याची ताकद आणि दुरुस्तीचं ज्ञान एकत्र आलं, तिथे ते पुन्हा उभं राहिलं. अँटिक्वेरीजनी तिची प्रत्येक अट शब्दशः पाळली नसेल. पण तिच्या वडिलांच्या वस्तू त्यांच्याच खोल्यांत आहेत, कलेचे अभ्यासक तिथे येतात आणि गावाला आपलं घर परकं झालेलं नाही. तिला हवं होतं ते हेच.